सोमवारची पहिली खुर्ची

१

शांताराम चुरी सर सोमवारी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत हॉस्पिटलात आले, रक्त वाढवायचं सलाइन घेऊन नऊच्या सुमारास घरी गेले. रात्री त्यांना हुडहुडी भरली. मंगळवारी पहाटे त्यांना परत आणून भरती केलं, आणि शुक्रवारी ते गेले. वय एकसष्ट, आयुष्यभर मुलांना भूमिती शिकवलेली, दुखणं म्हणाल तर अंगात रक्त थोडं कमी. तपासणीत त्यांच्या रक्तात जे जंतू सापडले ते एरवी नळाच्या तोंडाशी, बेसिनच्या कडेला, ओलसर जागी राहणारे होते. असले जंतू माणसाच्या शिरेत आपण होऊन शिरत नाहीत. कुणाच्या तरी हातून ते आत गेले होते.

हॉस्पिटल वसई पश्चिमेला आहे. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. तिथल्या तळघरात रेकॉर्ड रूम आहे आणि त्या खोलीत सुरुची शेट्ये अकरा वर्षं मेडिकल कोडर म्हणून बसते. तुळिंजच्या तिच्या सोसायटीत निम्म्या लोकांना वाटतं की ती कंप्युटरचे प्रोग्राम लिहिते. ती काय करते हे समजावून सांगायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. काम साधं आहे. पेशंट घरी गेला, किंवा वर गेला, की त्याची फाइल तळघरात येते. सुरुची ती वाचते आणि डॉक्टरने लिहिलेल्या प्रत्येक दुखण्याला जगभर ठरलेला एक आकडा लावते. नियम एकच आणि तो कडक: डॉक्टरने जे लिहिलं नाही ते कोडरने आपल्या मनाने जोडायचं नाही.

चुरी सरांच्या फाइलला तिने लावलेला आकडा होता टी-ऐंशी पॉइंट दोन. सलाइन, रक्त किंवा इंजेक्शन दिल्यानंतर झालेला जंतुसंसर्ग. हा आकडा कुठल्याच हॉस्पिटलला आवडत नाही. बाकीचे आकडे पेशंटबद्दल बोलतात, हा हॉस्पिटलबद्दल बोलतो. त्यामुळे तीस दिवसांत हा तिसऱ्यांदा पडला की कंप्युटर आपोआप संसर्ग समितीला कळवतो आणि चोवीस तासांत वॉर्डाची झडती होते.

चुरी सर तिसरे होते. पहिल्या दोघांपैकी सिद्धेश बँकेत कारकून, केविन कॉलेजात शिकणारा. दोघेही तरुण, म्हणून निभावले. तिघांनीही सलाइन डे-केअरमध्ये घेतलं होतं, म्हणजे त्या वॉर्डात जिथे खुर्चीत बसून सलाइन घ्यायचं आणि घरी जायचं. तिघांच्याही कागदावर सही एकाच नर्सची, ब्रिटनी डाबरेची. शनिवारच्या झडतीत वॉर्डात वावगं काही सापडलं नाही, तेव्हा संध्याकाळपर्यंत ब्रिटनी निलंबित झाली. पुढच्या सोमवारी तिच्या जागी एरॉल लोपीस आला आणि कुणाला ताप आला नाही. ब्रिटनी गेली आणि ताप थांबला, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

सुरुचीचंही झालं होतं. मग बुधवारी दुपारी रोझलिन सिस्टर जिना उतरून तळघरात आल्या.

२

रोझलिन तुस्कानो डे-केअरच्या इन्चार्ज. बत्तीस वर्षं नोकरी, मे महिन्यात निवृत्ती. हॉस्पिटलातले अर्धे डॉक्टर त्यांच्यासमोर शिकून मोठे झालेले. त्या जवळच्या सांडोर गावच्या, ब्रिटनीही सांडोरची, आणि ब्रिटनीच्या बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता म्हणून त्याच उभ्या राहिल्या होत्या. हे सगळं त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको.

येत्या सोमवारी, सोळा तारखेला समिती बसणार होती. ब्रिटनीची नोकरी जाणार हे ठरल्यातच जमा होतं, पण खरी भीती पुढची होती. नर्सिंग कौन्सिलकडे पत्र गेलं की तिचं नर्स म्हणून नावच पुसलं जाईल. आयर्लंडला जायची तिची कागदपत्रं अर्धी झाली होती. घरात तिच्यामागे शिकणारी एक बहीण, वडिलांची छोटीशी केळीची वाडी.

"त्या पोरीने हात न धुता कुणाला टोचलं, हे मी मानणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी शिकवलंय तिला. आम्ही दिवसभर माणसं बघतो, सुरुची. कागद कुणी बघत नाही. तू बघ."

सुरुची काही हेर नव्हती. कुणावर जीव पाखडण्याचा तिचा स्वभावही नव्हता. ऑफिसात तिला कोरडी म्हणत, आणि ते तिच्या कानावर आलं होतं. पण कागद कुणी बघत नाही हे वाक्य तिला झोंबलं, कारण कागद बघण्याचा पगार तिला मिळत होता.

तिने तिन्ही फाइली बाहेर काढल्या. समितीकडे गेलेल्या यादीत तीन तारखा होत्या: तेरा जानेवारी, एकोणीस जानेवारी, तीन फेब्रुवारी. मंगळवार, सोमवार, मंगळवार. या तारखांत काही सूत्र दिसत नव्हतं. पण यादीतली तारीख असते ती भरतीची. सलाइन कधी घेतलं हे आतल्या कागदावर असतं. ते तिने पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बारा जानेवारी, एकोणीस जानेवारी, दोन फेब्रुवारी. तिन्ही सोमवार. वेळ तिन्ही ठिकाणी सकाळी सात वाजून काही मिनिटं. खुर्ची क्रमांक एक, खिडकीजवळची.

म्हणजे दिवसाचा पहिला पेशंट. सोमवारी सात ते आठ वॉर्डात ब्रिटनी एकटी असे, दुसरी नर्स आठला येई. ब्रिटनीने आठनंतर आणखी सात-आठ जणांना सलाइन लावलं होतं आणि ते सगळे खुशाल होते. निष्काळजी बाई दिवसातून एकदाच, तेही पहिल्याच खुर्चीशी, निष्काळजी कशी राहील?

औषधात दोष असेल तर? तिने कागद चाळले. दोघांना लोहाचं औषध, एकाला अँटिबायोटिक, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. सुया प्रत्येकाला नव्या. मग उरली खुर्ची, नाहीतर ब्रिटनी. दोन्हीतलं एक वगळायचं तर असा पेशंट हवा, ज्याला ताप आला पण ज्याला ब्रिटनीने हात लावला नाही.

तसा पेशंट टी-ऐंशीच्या यादीत नव्हता. मग तिने यादीच सोडली. जानेवारीपासून तापाने भरती झालेले सगळे, आकडा कुठलाही असो, आणि त्यातून त्याच दिवशी किंवा आदल्या दोन दिवसांत डे-केअरला आलेले, असं तिने कंप्युटरला विचारलं. पडद्यावर चार नावं आली. तीन ओळखीची होती. चौथं होतं मनोरमा म्हात्रे, जूचंद्र. आकडा एन-एकोणचाळीस पॉइंट शून्य, म्हणजे लघवीचा संसर्ग. आकडा लावणाऱ्या कोडरचा क्रमांक शेवटच्या रकान्यात होता, आणि तो सुरुचीचाच होता.

३

मनोरमाबाईंनी सलाइन घेतलं होतं सत्तावीस जानेवारीला, सकाळी सात दहाला, पहिल्या खुर्चीत. त्या दिवशी ब्रिटनी रजेवर होती. कागदावर सही रोझलिन सिस्टरांची होती, गोल, वळणदार, शाळेतल्या फळ्यावर असावी तशी. खालच्या एका बारीक चौकटीत २४/१, १२.१० असं काहीतरी लिहिलेलं होतं. नाव नोंदवल्याची वेळ असेल, म्हणून सुरुची पुढे गेली.

सत्तावीस तारखेला मंगळवार होता. सोमवारचं सूत्र तुटलं असं तिला क्षणभर वाटलं. मग आठवलं की या वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती आणि डे-केअर बंद होतं. म्हणजे सोमवार असणं महत्त्वाचं नव्हतं. सुट्टीनंतर वॉर्ड उघडला की जो पहिला बसेल, त्याला ताप येत होता.

फाइलच्या शेवटी लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट चिकटवला होता. जंतू आढळले नाहीत. रिपोर्ट एकोणतीसच्या संध्याकाळी आला होता. सुरुचीने फाइल बंद केली होती तीस तारखेला, महिनाअखेरच्या घाईत, डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग लिहिलंय म्हटल्यावर मागचं पान न उलटता. रिपोर्ट आणि निदान जुळत नसेल तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, हा कामाचा पहिला धडा. तो ती नव्या मुलींना स्वतः शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जूचंद्रला गेली. मनोरमाबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या, तब्येत चांगली होती. आजाराबद्दल विचारल्यावर त्यांना बोलायला हुरूप आला.

"लघवीचा काय त्रास नव्हता गो मला. थंडी अशी वाजली का पलंग हालत होता. डाक्तर बोलले, आजी पानी कमी पितेस ना? मी बोलले, कमीच पिते. झालं, त्यांनी लिवलं. दुसरं कोनी काय विचारलंच नाय."

ब्रिटनीला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना सुई टोचली ती मोठ्या सिस्टरने, आणि अगदी हलक्या हाताने, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

निदान लिहिणारे डॉक्टर होते श्रीरंग पाटणकर, आणि संसर्ग समितीचे प्रमुखही तेच. दुपारी सुरुचीने त्यांच्यापुढे रिपोर्ट ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण आपलंच निदान चुकलेलं बघायला कुणाला आवडतं? वय झालेली बाई, ताप, पाणी कमी, दहापैकी नऊ वेळा ती लघवीच निघते, असं ते म्हणाले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो बिनतोड होता.

"ब्रिटनीचा दोष नसेल, तर ती गेल्यावर ताप थांबला कसा? नऊ तारखेला तोच वॉर्ड, तीच खुर्ची, सोमवार सकाळी सात. बदललं काय? फक्त नर्स."

सुरुचीने रिपोर्ट उचलला. ती तळघरात परतली आणि खुर्चीत बसल्यावर दुसराच हिशेब तिच्या डोक्यात आला, जो तिने डॉक्टरांना सांगितला नव्हता. सिद्धेश पहिला, केविन दुसरा. तीस जानेवारीला तिने मागचं पान उलटलं असतं, डॉक्टरांना विचारलं असतं, तर मनोरमाबाई तिसऱ्या झाल्या असत्या. एकतीसला, शनिवारी, वॉर्डाची झडती झाली असती. चुरी सर त्यानंतरच्या सोमवारी आले होते.

तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. ही गोष्ट अजून कुणालाही ठाऊक नव्हती.

४

शुक्रवारी ती एरॉलला भेटली. एरॉल चाळिशीचा, नियमाला एवढा घट्ट की वॉर्डातल्या मुली त्याला मागून फादर म्हणत. नऊ तारखेला वेगळं काय केलंस, या प्रश्नाचा त्याला राग आला. त्याने वेगळं काही केलं नव्हतं. पुस्तकात लिहिलंय तेच केलं होतं.

"आल्यावर ट्रे रिकामा करतो, पुसतो. आधीचं तयार ठेवलेलं काही असेल ते कचऱ्यात," तो म्हणाला. "दुसऱ्याने भरलेलं मी टोचत नाही. ज्याने भरलं त्यानेच टोचायचं, हा नियम आहे. ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला असतो."

ट्रेमध्ये काही होतं का, हे त्याला नीट आठवत नव्हतं. दोन सिरिंजा असतील, पाण्याच्या. म्हणजे फ्लशच्या. सलाइन जोडण्याआधी शिरेतली नळी मोकळी आहे ना हे बघायला सिरिंजभर मिठाचं पाणी सोडतात आणि सलाइन संपल्यावर पुन्हा एकदा सोडतात, त्याला फ्लश म्हणतात. एरॉलने त्याबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

तिथून ती सांडोरला ब्रिटनीच्या घरी गेली. ब्रिटनीच्या आईने केळ्यांचा अख्खा फणा समोर ठेवला आणि स्वतः दारात उभी राहिली, ऐकू येईल इतक्या अंतरावर. चोवीस वर्षांची मुलगी आठवड्यात पोक्त दिसायला लागली होती. तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं सरळ दिली. हात धुतले होते. नवी सुई वापरली होती. खुर्ची पुसली होती. एका प्रश्नाला मात्र ती अडखळली.

"पहिल्या पेशंटचा फ्लश तूच भरत होतीस ना?" सुरुचीने विचारलं.

"सही माझी आहे ना, मॅडम?"

"मी भरलं कुणी ते विचारतेय."

"सही माझी आहे. म्हणजे जबाबदारी माझी." ब्रिटनीने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला त्याच्याबद्दल अजून काही बोलायचं नाही."

जी मुलगी स्वतःचं नाव वाचवण्यासाठी तोंडातून एक शब्द काढत नाही, ती दुसऱ्या कुणाचं तरी नाव वाचवत असते. कुणाचं, हे सुरुचीला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कळावं असं तिला वाटत नव्हतं, आणि म्हणून कळायला आणखी एक दिवस गेला.

५

शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास तिने चारही कागद टेबलावर ओळीने मांडले आणि जे वाचायचं टाळलं होतं ते वाचलं. तळाची ती बारीक चौकट. तिच्यावर छापलेलं होतं: फ्लश भरल्याची तारीख व वेळ. ब्रिटनीने आठनंतरच्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर तिथे त्याच दिवसाची वेळ लिहिली होती. पहिल्या पेशंटच्या तिन्ही कागदांवर चौकट कोरी होती. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं, म्हणून ती कोरी सोडली होती.

मनोरमाबाईंच्या कागदावर मात्र ती भरलेली होती. तिथे सही करणाऱ्या बाईला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. चोवीस जानेवारी, दुपारी बारा दहा. शनिवार. सलाइन दिलं सत्तावीसला. तीन दिवस आधी सिरिंजमध्ये भरलेलं पाणी मनोरमाबाईंच्या शिरेत गेलं होतं.

सुरुचीने घड्याळ पाहिलं. शनिवार होता, बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती जिना चढून वर गेली.

डे-केअर रिकामं झालं होतं. रोझलिन सिस्टर बेसिनशेजारच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. स्टँडला अर्धी उरलेली सलाइनची बाटली, तिच्या रबरी बुचात सकाळपासून खोचलेली सुई. सिस्टरांनी त्यातून दोन सिरिंजा भरल्या, टोपणं लावली, ट्रेमध्ये ठेवल्या, वर धुतलेला पांढरा रुमाल घातला.

"कुणासाठी, सिस्टर?"

"सोमवारसाठी. एरॉल एकटा असतो ना सात ते आठ. बिचाऱ्याची धावपळ होते." त्या वळल्या. "ब्रिटनीलाही मीच ठेवायची. जानेवारीत तिच्या जोडीची पोर आयसीयूच्या ड्युटीवर नेली, तेव्हापासून. पहिल्या पेशंटपुरतं तयार असलं की तिला श्वास घ्यायला वेळ मिळायचा."

"कुठल्या शनिवारपासून?"

"दहा तारीख असेल."

"आणि पहिला ताप बारा तारखेचा."

सिस्टर हसल्या, समजूत काढल्यासारख्या. "मिठाचं पाणी आहे गं ते. टोपण लावलेलं. आमच्याकडे कैऱ्या मिठाच्या पाण्यात वर्षभर राहतात."

"कैऱ्यांना लागतं तेवढं मीठ यात असतं, तर शिरेत सोडल्यावर माणूस वाचला नसता. हे रक्ताइतकंच खारट आहे, सिस्टर. जंतूला ते घरच्यासारखं."

एवढं तर सिस्टरांनाही ठाऊक होतं. बत्तीस वर्षं त्या हात धुण्याचे, सुई टाकण्याचे, पट्टी बदलण्याचे नियम पाळत आणि शिकवत आल्या होत्या. पण मीठ म्हणजे टिकणं, ही गोष्ट त्या नर्सिंग कॉलेजात नाही, आईच्या स्वयंपाकघरात शिकल्या होत्या, आणि ती त्यांनी पुन्हा कधी तपासून पाहिली नव्हती. उरलेलं अन्न वाया घालवू नये, उद्याची तयारी आज करावी, लहानांची धावपळ वाचवावी, या सगळ्या चांगल्या सवयी एका ट्रेमध्ये एकत्र आल्या होत्या. झडती झाली त्या शनिवारी समितीची माणसं दहा वाजताच येऊन गेली होती. त्या वेळी ट्रे रिकामा होता.

सुरुचीने सगळं एका सुरात सांगितलं. बेसिनजवळचे ओलसर जंतू, बुचातली उघडी सुई, दोन दिवस तशीच राहिलेली सिरिंज. सुट्टीनंतरचा पहिला पेशंट, म्हणून सोमवार, आणि एकदा मंगळवार. एरॉल तयार सिरिंजा फेकून देतो, म्हणून ब्रिटनी गेल्यावर ताप थांबला. ब्रिटनीच्या कोऱ्या चौकटी, आणि सिस्टरांनी स्वतःच्या अक्षरात भरलेली एक. फिरवून सांगणं तिला येत नव्हतं.

"ब्रिटनीला कळलं होतं?" सिस्टरांनी विचारलं.

"मला वाटतं, निलंबित झाल्यावर घरी बसून तिने हिशेब केला असेल. मला ती एवढंच म्हणाली की सही माझी आहे."

सिस्टर बसल्या. बोलायला लागल्या तेव्हा घरच्या बोलीत बोलल्या. सुरुचीला त्यातलं निम्मंच कळलं, पण चुरी सरांचं नाव तीनदा आलं ते कळलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि त्या दोन सिरिंजा लॅबला पाठवायला स्वतःच पिशवीत घातल्या. चिठ्ठीवर भरणाऱ्याचं नाव लिहिलं: रो. तुस्कानो.

सुरुचीने त्या वेळी आपला हिशेब सांगितला नाही.

६

सोमवारी अकराला समिती बसली. टेबलापाशी चार डॉक्टर, ब्रिटनी, रोझलिन सिस्टर, आणि कागद दाखवायला सुरुची. लॅबचा रिपोर्ट सकाळीच आला होता. दोनपैकी एका सिरिंजमध्ये तेच जंतू वाढले होते जे चुरी सरांच्या रक्तात होते.

डॉक्टर पाटणकरांनी तो वाचला आणि त्यांच्यातला शहाणा माणूस कामाला लागला. ब्रिटनीला संशयाचा फायदा देऊन परत घेऊ, ते म्हणाले. कौन्सिलला पत्र नको. सिस्टर मे महिन्यात निवृत्त होताहेत, बत्तीस वर्षांची सेवा आहे. ट्रेची पद्धत आजपासून बंद. मनोरमाबाई बऱ्या झाल्या आहेत, तेव्हा त्यांचं निदान उकरून काढायचं कारण नाही. कुणाचंच वाईट होणार नाही, असा तो प्रस्ताव होता आणि दोन डॉक्टरांनी लगेच माना डोलावल्या.

ब्रिटनीही मान डोलावणार होती. सिस्टरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"संशयाचा फायदा म्हणजे संशय राहिला, डॉक्टर. आयर्लंडवाले विचारतील तेव्हा कागदावर तिच्याच तीन सह्या असतील. चौथी माझी आहे, ती दाखवा. भरलं मी. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, हा तिचा दोष, तेवढाच लिहा. बाकी माझ्या नावावर लिहा."

"सिस्टर, याचे परिणाम तुम्हाला—"

"मला समजतात. मला त्यांच्यापेक्षा चुरी सर जास्त आठवतात."

डॉक्टरांनी पेन काढलं आणि मनोरमाबाईंच्या फाइलवर दोन ओळी लिहिल्या: लघवीचा संसर्ग आढळला नाही, ताप सलाइनसोबत गेलेल्या जंतूंमुळे. खाली सही केली. मोठेपणा होता तो, आणि त्याचं त्यांना श्रेय द्यायला हवं.

आता सुरुचीची पाळी होती. आकडा बदलायचा तर दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारणाचा एक रकाना असतो. सगळे कोडर तिथे एकच वाक्य लिहितात: रिपोर्ट उशिरा आला. कुणी तपासत नाही. तिनेही आजवर शंभरदा लिहिलं असेल. तिने लिहिलं, रिपोर्ट आदल्या दिवशीच फाइलमध्ये होता, मी वाचला नाही. फॉर्मवर कोडरचा फक्त क्रमांक मागतात. तिने क्रमांकापुढे पूर्ण नाव लिहिलं.

डॉक्टर पाटणकरांनी ते वाचलं. एवढं लिहायची गरज नव्हती, असं ते हळू आवाजात म्हणाले. सुरुचीने फॉर्म परत घेतला नाही.

ब्रिटनीचं निर्दोष असल्याचं पत्र त्याच दिवशी टाइप झालं. दुसऱ्याने भरलेलं टोचल्याबद्दल तिला मिळालेली ताकीद एका ओळीची होती. सिस्टरांच्या चौकशीचा कागद वेगळा निघाला, आणि ब्रिटनी जिन्यावर तो हातात धरून इतकी रडली की बघणाऱ्याला वाटावं चौकशी तिचीच आहे. सिस्टरांनी तिला बाहेर थांबलेल्या आईबरोबर घरी पाठवलं.

मग सुरुची त्यांच्याजवळ गेली. दोन दिवस सांगायचा राहिलेला हिशेब तिने सांगितला, तारखांसकट. तीस जानेवारीला मी पान उलटलं असतं तर एकतीसला झडती झाली असती. मनोरमाबाईंच्या कागदावरची चोवीस तारीख समितीने पाहिली असती, त्या दिवशी दुपारी तुम्ही सिरिंजा भरायच्या आधीच सगळं उघडकीला आलं असतं, किंवा भरलेल्या सापडल्या असत्या. चुरी सर सोमवारी आले असते आणि घरी गेले असते.

"तुमच्या चुकीला तोवर कुणी टोकलं नव्हतं," ती म्हणाली. "टोकणं माझं काम होतं."

रोझलिन सिस्टरांना राग येईल असं सुरुचीला वाटलं होतं, आला असता तर बरं वाटलं असतं. सिस्टरांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. त्यावर चुरी सरांच्या घरचा पत्ता होता. शनिवारपासून त्यांनी तो जवळ ठेवला होता.

"त्यांच्या मिसेसना हॉस्पिटल काही कळवणार नाही. पत्र जाईल, त्यात काही नसेल. मी एकटी जाणार होते, पण दोनदा रिक्षातून परत फिरले."

"मी येते."

"ये. पण तिथे सुरुवात तू कर. मला पहिलं वाक्य सापडत नाही."

सुरुचीलाही ते सापडलेलं नव्हतं. तरी ती हो म्हणाली आणि दोघी रिक्षात बसल्या.